उजवा डोळा, डावा हात

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. विचारलंत की मी हिशेब करत बसतो आणि गोष्ट राहते बाजूला. तेव्हा राजे होते, राण्या होत्या, रानातली जनावरंसुद्धा म्हणे माणसांशी बोलायची. पण या गोष्टीत जनावर एकही नाही. गोंधळ घालायला माणसंच पुरेशी आहेत.

एक राज्य होतं आणि त्यातून एक नदी वाहायची. नदी कसली, घटकाभर स्वस्थ म्हणून नाही. उन्हाळ्यातसुद्धा तिची खळखळ चालूच, पावसाळ्यात तर बोलायलाच नको. पात्रात जागोजागी काळे खडक, काही पाण्याच्या वर, काही पाण्याखाली. वरचे कोणालाही दिसायचे. घात करायचे ते खालचे.

त्या नदीकाठच्या एका गावात डोळ्यांच्या वैद्यांचं घराणं होतं. डोळ्यात मोतीबिंदू उतरला, समोरचं माणूस धुरात उभं असल्यासारखं दिसायला लागलं, की लांबलांबून लोक या घराच्या ओसरीवर येऊन बसायचे. बसायचे म्हणजे काय, चुळबुळ करायचे. ज्याला दिसत नाही त्याला स्वस्थ बसवत नाही. जरा पानाचा आवाज झाला की "कोण आलं? कोण आलं?" असं सगळ्यांचं सुरू व्हायचं.

आता त्या घराण्याची रीत सांगतो. नीट ऐका, सगळी गोम तिथंच आहे.

रोग्याला वैद्यानं आपल्या समोर बसवायचं, तोंडाशी तोंड करून. मागून कोणीतरी त्याचं डोकं घट्ट धरायचं. वैद्यानं आधी तोंडाच्या वाफेनं डोळा शेकायचा. मग म्हणायचं, "आपल्या नाकाच्या शेंड्याकडे बघ. हलू नकोस." आणि तांब्याची बारीक शलाका, म्हणजे सुईच, पण टोक जवाच्या दाण्यासारखं, ती डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालायची. सुईला सूत गुंडाळलेलं असायचं, म्हणजे ती हवी त्याहून जास्त आत जाऊच नये. मग आतला पिकलेला मोती हलकेच खाली ढकलायचा. तो वाटेतून सरकला की उजेड आत यायचा.

सुई घालायची ती कानाकडच्या बाजूनं. नाकाकडून कधीही नाही. नाक आडवं येतं, सुई तिरपी होते आणि डोळा फुटतो. आता समोर कोणाला तरी बसवा आणि बघा बरं. त्याचा डावा डोळा तुमच्या उजव्या हाताशी येतो आणि उजवा डोळा तुमच्या डाव्या हाताशी. म्हणून त्या घरात शिरस्ताच होता, की डाव्या डोळ्याला उजवा हात आणि उजव्या डोळ्याला डावा हात.

म्हाताऱ्या वैद्यांना दोन मुलगे. थोरला आपला चारचौघांसारखा उजवा. धाकटा त्रिंबक मात्र जन्माचा डावखुरा. बायका हळहळल्या, पण म्हातारा खूश झाला. त्यानं थोरल्याला डावे डोळे शिकवले, धाकट्याला उजवे. दोघांचे हात असे बसले, की सुई आत कधी गेली आणि बाहेर कधी आली ते रोग्याला कळू नये. "एकमेकांना सोडून राहू नका रे," एवढं सांगून म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

आणि राहिले का? छे! बापानं सांगितलेलं ऐकतील तर ते मुलगे कसले.

झालं काय, की एके दिवशी राजवाड्यातला कोणी मानकरी ओसरीवर आला. त्याचा उजवा डोळा गढुळला होता. त्रिंबकानं डाव्या हातात सुई घेतली, तसं त्या मानकऱ्यानं नाक मुरडलं. "डाव्या हातानं? असल्या कामाला डावा हात लावतात का?"

आता थोरल्यानं भावाची बाजू घ्यायची की नाही? आपली रीत समजावून सांगायची की नाही? पण मोठं माणूस समोर आलं की काहींच्या पाठीचा कणाच विरघळतो. थोरला हसून म्हणाला, "खरं आहे सरकार. डाव्या हातानं माणूस सकाळी काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण काय करावं, आमच्या धाकट्याला दुसरा हातच नाही."

सगळी ओसरी खो-खो हसली. त्रिंबक हसला नाही. त्यानं त्या माणसाचा डोळा नीट केला, सुई धुतली, पुसली, बायकोला म्हणाला, "बोचकं बांध." दोघं होडीत बसून नदीपलीकडे गेली. वरच्या अंगाला, वळणापलीकडच्या एका वाडीत त्यानं घर केलं. त्या दिवसानंतर त्यानं या काठाला पाय लावला नाही.

इथून थोरल्याची पंचाईत सुरू झाली. डावा डोळा घेऊन कोणी आला तर ठीक. पण उजवा घेऊन आला तर? थोरल्याचा डावा हात ताकाचं भांडंसुद्धा सरळ धरायचा नाही. "माझ्या भावाकडे जा" म्हणावं, तर चारचौघांत जे बोलून बसलो ते गिळावं लागणार. मग त्यानं एक वाक्य शोधून काढलं.

"अजून पिकला नाही. नंतर ये."

काय वाक्य आहे बघा! कच्च्या मोत्याला सुई लावू नये हे खरंच आहे. वैद्याची ती पहिली शिकवण. त्यामुळे त्या वाक्यातलं खोटं कोणाला ओळखताच येईना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं यांचा हात चालेना आणि लोकांचे डोळे कच्चे! ज्यांचा डावा डोळा आधी उघडून दिला होता, ते दुसऱ्यासाठी आले की त्यांना ऐकवायचा, "एक दिसतोय ना? मग हाव कशाला करता?" बिचारे ओशाळून परत जायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. थोरल्या वैद्यांची डावी मूठ अशी वर्षानुवर्षं झाकलेली राहिली, आणि लोक त्यांच्या उजव्या हाताचे गोडवे गात राहिले.

मग एक दिवस आवडाआत्या आली.

आवडाआत्या म्हणजे होडीवाली. त्या खडकाळ नदीत होडी घालायची हिंमत तिचीच. अख्खा गाव तिला आत्या म्हणायचा. लहानपणी देवी आल्या त्यात तिचा डावा डोळा गेला होता. उरलेल्या उजव्या डोळ्यावर तिनं आयुष्यभर वल्हं मारलं. पाण्याचा रंग नुसता बघून सांगायची, इथं खाली खडक आहे, इथं वाळू आहे, इथं भोवरा. नवरा नाही, पोर नाही. घर म्हणाल तर होडी आणि गोत म्हणाल तर होडीत बसणारी माणसं.

आणि चुळबुळी किती म्हणून सांगू! बसली की पाय हलवायची, उभी राहिली की पदराचं टोक पिळायची. कोणी "जरा टेक की आत्या" म्हटलं, की फणकारायची, "टेकून ऱ्हायाला मी काय घंगाळ हाय व्हय?"

ओसरीवर येऊन ती बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "बुवा, डोळ्याम्होरं सारखी साय आल्यावानी वाटतंय. बघा जरा. ह्यो एकच हाय बरं का. दुसरा देवीनं नेला."

थोरल्यानं डोळा बघितला. मोती चांगला तयार झाला होता. अगदी सुईजोगा. त्रिंबक असता तर आजच्या आज मोकळी झाली असती. पण डोळा उजवा.

"अजून पिकला नाही, आत्या. संक्रांत होऊ दे."

संक्रांत झाली. आत्या आली. "होळी होऊ दे," तो म्हणाला. होळी झाली. आत्या आली. "आखाड सरू दे. उन्हाळ्यात आणि पावसाळी हवेत सुई लावू नये." दर खेपेला आत्या पदर पिळत परत जायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बुवा म्हंत्यात कच्चा हाय. बुवा म्हंत्यात म्हंजे असंल." त्यांच्यावर तिचा एवढा विश्वास, की ते ऐकून थोरल्याच्या घशाखाली घास उतरू नये. पण उतरायचा. माणसाच्या घशाची काही खात्री देता येत नाही बघा.

इकडे होडी अडखळू लागली. काठाला लावताना धडकायची. लोक आत बसताना एकमेकांकडे बघायचे. आत्याला ते दिसायचं नाही, पण कळायचं. ती मग जास्तच बडबड करायची.

आणि एक दिवस भर दुपारी, स्वच्छ उन्हात, होडी खडकावर आदळली. आत एक पोटुशी बाई होती, माहेरी बाळंतपणाला निघालेली. ती पाण्यात गेली. आत्यानं हात घातला तो पाण्यातच, मग हवेत, मग कुठंतरी तिची वेणी हाताला लागली. तिनं वेणी धरून बाईला वर ओढलं. बाई वाचली. पण काठावर आल्यावर त्या बाईचा बाप म्हणाला, "आत्या, आता वल्हं ठेव. मारशील कोणाला तरी."

आत्या तशीच ओलीचिंब वैद्यांच्या ओसरीवर आली. "बुवा," म्हणाली, "आज मानूस गेलं असतं. दोन जिवांचं. माज्या हातनं. आता न्हाई थांबवत. डोस्कं फुटतंय, डोळा आतनं ठणकतोय, उलट्या होत्यात. कच्चा असंल तर कच्चा काढा, पर काढा."

थोरल्यानं डोळा बघितला. डोळा लाल झाला होता. मोती पिकला काय, पिकून पलीकडे गेला होता. झाडावर राहिलेलं फळ आतून नासायला लागतं, तसं. आणि तरीसुद्धा, काय म्हणावं या माणसाला, सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "अजून थोडं..."

"अहो, जरा आत या," दारातून आवाज आला. वैद्यीणबाई होत्या.

आत गेल्यावर त्या म्हणाल्या, "किती खोटं बोलाल हो? तिचा डोळा पिकलाय ते मला चुलीपाशी बसून दिसतंय. मोती पांढराफटक पडलाय. तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतंय."

"मग भावजींकडे पाठवा."

"कुठल्या तोंडानं पाठवू? गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"तुमचं तोंड राहील हो जागच्या जागी," वैद्यीणबाई म्हणाल्या. "तिचा डोळा राहायचा नाही."

एवढं ऐकून कोणीही शहाणा माणूस ताळ्यावर आला असता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. थोरला बाहेर आला आणि म्हणाला, "आत्या, परवा ये. सुई लावतो."

आत्याचा चेहरा असा उजळला, की वैद्यीणबाईंना बघवेना. त्या आत निघून गेल्या.

परवापर्यंत थोरल्याला चैन कसलं ते पडलं नाही. मागच्या पडवीचं दार लावून तो बसला, मायाळूच्या पिकलेल्या फळांची परडी घेऊन. डाव्या हातात सुई धरायची आणि फळाचं साल न फाटू देता टोक आत घालायचं. लहानपणी बाप असंच शिकवायचा. पहिलं फळ फुटलं. दुसरं फुटलं. सुई कधी घसरायची, कधी आरपार जायची. सगळी परडी संपली आणि धोतर जांभळंलाल झालं. हातावरचा तो रस त्यानं परत परत धुतला. तरी मनाला समजावत राहिला, की आयत्या वेळी जमेल. आयत्या वेळी कधी कोणाला काही जमलंय का?

ठरल्या वेळी आत्या आली. न्हाऊन, स्वच्छ लुगडं नेसून आली होती. वैद्यीणबाईंनी मागून डोकं धरलं. थोरला समोर बसला. डाव्या हातात सुई घेतली. टोक जागेवर ठरेना. सुई उजव्या हातात घेतली. नाक आडवं आलं. परत डाव्यात घेतली.

आणि आत्या? जन्मात कधी स्वस्थ न बसलेली ती बाई हलत नव्हती. पाय नाही, बोट नाही, पापणीसुद्धा नाही. मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून बसली होती. ओठ न हलवता पुटपुटली, "बुवा, मी न्हाई हलनार. बिनघोर लावा."

थोरल्याला भीती वाटली, लाज वाटली, स्वतःची किळस आली. त्यानं सुई खाली ठेवली.

"ऊठ आत्या," तो म्हणाला. "पलीकडे जायचंय. त्रिंबकाकडे. आत्ताच्या आत्ता."

"पलीकडं? का वो?"

"चल. सांगतो."

पण जायचं कसं? वळणापर्यंत होडी घालणारं दुसरं कोणी नव्हतं. आत्या म्हणाली, "हात माजे हायेत की धड. वल्हं मी मारते. डोळे तुमचे."

बसली दोघं होडीत. ती वल्ह्यापाशी, तो तिच्यासमोर, तोंडाशी तोंड करून. निघाली होडी. आणि काय गोंधळ सांगू! समोर खडक दिसला की थोरला ओरडायचा, "डावीकडे! डावीकडे!" आत्या तिच्या डावीकडे वळवायची आणि होडी नेमकी खडकाकडे जायची. खर्रर्र करून बूड घासलं.

"अवो, कुनाचं डावं? तुमचं का माजं?" आत्या ओरडली.

"माझं! नाही, तुझं! अगं, तुझा उजवा हात मार!"

पाणी उसळत होतं. थोरला एका हातानं काठ धरून, मान वळवून वळवून बघत होता. आत्याचं वल्हं चालू होतं. मध्येच तिनं विचारलं, "बुवा, आता तरी सांगा. धाकट्या बुवांकडं का? तुमचा हात तर समद्या मुलखात नावाजलेला."

थोरल्यानं मान खाली घातली. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, तरीही त्याला मान वर करता येईना.

"माझा उजवा हात नावाजलेला," तो म्हणाला. "उजव्या डोळ्याला डावा हात लागतो. तो मला नाही. त्रिंबकाला आहे."

"मंग संक्रांतीला का न्हाई सांगितलं? तवा कच्चा होता म्हनून?"

"नाही. संक्रांतीच्या आधीच पिकला होता."

वल्हं थांबलं. होडी प्रवाहात गरकन फिरली. आत्या गप्प. ती गप्प बसलेली नदीनंसुद्धा कधी ऐकली नसेल.

"आखाडातबी पिकलेला हुता?"

"होता."

"आन् त्या पोटुशीला मी पान्यात घातली, तवा?"

होडी पुन्हा फिरली. पुढे पाणी पांढरं झालं होतं, म्हणजे खाली खडकांची रांग. थोरला किंचाळला, "आत्या! खडक!"

आत्यानं डोळे पुसले आणि वल्हं घट्ट धरलं. "खडक कुटं हाय ते नीट सांगा," ती म्हणाली. "शिव्या पलीकडं गेल्यावर देईन."

मग मात्र थोरल्यानं नीट सांगितलं. तुझा डावा, तुझा उजवा, थांब, मार. प्रत्येक शब्द तो तिच्या बाजूनं विचार करून बोलत होता. होडी काठाला लागली.

त्रिंबक अंगणात औषधं वाळत घालत होता. भावाला बघून उठला नाही. थोरला म्हणाला, "त्रिंबका, माझा अपमान कर, घरात घेऊ नकोस, काही कर. पण आधी हिचा डोळा बघ."

त्रिंबकानं डोळा बघितला. बराच वेळ बघितला. मग विचारलं, "दादा, कधीपासून?"

थोरल्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्रिंबक बायकोला म्हणाला, "पाणी उकळ." आणि भावाला म्हणाला, "डोकं तू धर."

तोंडाच्या वाफेनं त्यानं डोळा शेकला. सुई डाव्या हातात घेतली. तो हात कसा चालतो ते थोरला इतक्या वर्षांनी बघत होता. सुई आत गेली, मोती हलला, खाली सरकला, सुई बाहेर आली. आत्यानं एक हुंकार दिला, तेवढाच. डोळ्यावर तुपात भिजवलेला कापूस आणि पट्टी बसली.

"आता उताणं पडून राहायचं," त्रिंबक म्हणाला. "कूस वळायची नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, ढेकर द्यायची नाही, हसायचं नाही. हिसका बसला की मोती परत वर येतो."

"त्यापरास मला गाडा की," आत्या म्हणाली.

पण पडून राहिली. काय हाल झाले तिचे! पायाची बोटं तेवढी हलवायची परवानगी होती, ती सारखी हलवत राहायची. शिंक आली की त्रिंबकाची बायको धावत येऊन नाक चिमटीत धरायची. आणि आत्यानं शब्द पाळला. थोरल्याला जवळ बोलावून सगळ्या शिव्या दिल्या. डोकं हलवायचं नाही म्हणून आढ्याकडे तोंड करून, हळू आवाजात, एकेक करून दिल्या. थोरला उशाशी बसून ऐकत होता. पाणी हवं का विचारत होता.

पट्टी सोडायचा दिवस आला. त्रिंबकानं कापूस काढला. आत्यानं डोळा उघडला, मिटला, उघडला. "धाकटे बुवा," ती म्हणाली, "तुमच्या मिशा पांढऱ्या झाल्या की वो!" त्रिंबकाची बायको रडायला लागली. थोरलाही रडला. आत्यानं अंगणातली तुळस बघितली, गाय बघितली, स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. मग कोणी अडवायच्या आत उठून नदीकडे निघाली.

सगळे मागून गेले. आत्या काठावर उभी राहून पाण्याकडे बघत होती. डोळा बारीक केला, डोळ्यावर हात आडवा धरला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"नुसतं चकाकतंय," ती म्हणाली. "खालचं काय दिसत न्हाई. खडक न्हाई, वाळू न्हाई."

त्रिंबक खाली मान घालून म्हणाला, "फार दिवस आत ताण राहिला, आत्या. आतली नजर सुकली. माणसं दिसतील, वाट दिसेल, भाकरी दिसेल. याहून जास्त माझ्या हातात नाही."

"आन् संक्रांतीला आले असते तर?"

त्रिंबकानं भावाकडे बघितलं नाही. "तर पाण्यातला मासा दिसला असता," तो म्हणाला.

आत्या होडीत चढली. वल्हं उचललं, पुसलं, आणि आडवं ठेवून दिलं. उतरताना थोरल्यासमोर थांबली. आता तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

"डोळा धाकट्या बुवांनी दिला," ती म्हणाली. "होडी तुमी नेली."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, मला ते फार वेळ सांगवत नाही. थोरल्या वैद्यानं गावात येऊन चारचौघांत सगळं कबूल केलं. ज्यांना ज्यांना 'पिकला नाही' म्हणून परत पाठवलं होतं, त्यांच्या दारोदार फिरला. म्हणाला, "मी खोटं बोललो, नदीपलीकडे जा." काहींचे डोळे वाचले. काहींचे कधीच मेले होते. त्या घरांतून त्याला जे ऐकावं लागलं ते त्यानं ऐकून घेतलं. ओसरीवरची गर्दी निम्मी झाली. धाकटा भाऊ त्याच्याशी बोलू लागला, पण परत आला नाही. "ज्याचा उजवा डोळा अडलाय तो इकडे येईल," एवढंच म्हणाला. आणि होडीवर दुसरं कोणी आलं, लांबच्या गावचं.

आवडाआत्या घाटाच्या पायरीवर येऊन बसायची. कोण चढलं, कोण उतरलं ते तिला दिसायचं. होडी काठ सोडून निघाली, की तिचे दोन्ही हात मांडीवरच पुढेमागे, पुढेमागे चालायला लागायचे. तिला ते कळायचंसुद्धा नाही. थोरले वैद्य रोज नदीवर स्नानाला यायचे आणि रोज त्या हातांसमोरून जायचे.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं उणं झाकायला आपण जो वेळ मागून घेतो, तो दुसऱ्याच्या आयुष्यातून कापला जातो.